झाकण उघड, बाय

बाबांचं मीठ तोडलं गेलं तेव्हा निदान त्यांचा सकाळचा टोस्ट सुटू नये, एवढ्या एका हट्टापायी मी ब्रेड मशीनच्या मागे लागले. तो टोस्ट शेवटपर्यंत त्यांच्या बशीत राहिला, तो माहीमला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या अंकलमुळे. अंकल मूळचे गोव्याचे, सासष्टीचे, पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या घरातले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले आणि सगळं आयुष्य भट्टीसमोर काढलं. त्यांचं ऋण फिटणारं नाही, मला ते फेडायचंही नाही. पण ते कशाचं आहे, हे नीट सांगायला हवं.

बाबांचं हृदय थकलं होतं. लोणचं-पापड बंद, हे कुणालाही समजतं. ब्रेडमधलं मीठ मात्र ध्यानात येत नाही. पावाच्या धंद्यात हिशेब पिठावर चालतो: १०० ग्रॅम पिठाला साधारण २ ग्रॅम मीठ. म्हणजे ४०० ग्रॅम मैद्याच्या एका ब्रेडमध्ये ८ ग्रॅम. त्याचे बारा काप केले आणि चार खाल्ले, तर अडीच ग्रॅमच्या पुढे मीठ त्यातूनच पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

म्हणून कमी मिठाचा ब्रेड घरीच करायचा ठरवला. मशीन वहिनीनं अमेरिकेहून परत येताना आणलेलं. तिकडच्या १२० व्होल्टचं, त्यामुळे शेजारी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. सोबतच्या पुस्तिकेतली मापं तिकडच्या पिठाची. तिथल्या ब्रेडच्या मैद्यात प्रथिनं १२-१३ टक्के असतात. आपल्या वाण्याकडचा मैदा बहुधा त्याहून हलका, त्याला तेवढं पाणी झेपत नाही. त्यात मी मीठ अर्ध्यावर आणलेलं. ब्रेड झाकणापर्यंत फुगून यायचा आणि भाजताना मधोमध बसायचा. बाबा तोही मुकाट्यानं खायचे. तक्रार न करता खायचे, याचंच मला जास्त वाईट वाटे.

आंटींनी हे अंकलच्या कानावर घातलं असावं. एका सकाळी ते वर आले, स्टूल ओढून मशीनसमोर बसले. आत पातं फिरत होतं, मी पुस्तिका घेऊन उभी. म्हणाले, "बाय, पुस्तक मिटून ठेव आणि झाकण उघड."

मळणं चालू असताना झाकण उघडायचं असतं, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. मळायला सुरुवात होऊन पाच-सात मिनिटं झाली की आत बघायचं. भांड्याच्या कडा स्वच्छ हव्यात, गोळा तळाशी जरासा चिकटत फिरायला हवा. कडांना पीठ माखत असेल तर चमचाभर मैदा, गोळा कोरडा पडून भांड्यावर आपटत असेल तर चमचाभर पाणी. एका वेळी एकच चमचा, मग मिनिटभर थांबायचं. मळून झाल्यावर अंकलनी लिंबाएवढा गोळा काढून घेतला आणि दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणत नेला. पडदा पातळ होत होत त्यातून खिडकीचा उजेड दिसायला लागला. न फाटता इतका ताणला गेला की मळणं पुरं झालं. त्यांची बोटं जाड, नखांच्या कडा भाजून कडक झालेल्या, आणि त्यांच्यावर तो पडदा किंचित थरथरत होता.

मग मिठाचा विषय. मीठ म्हणजे यीस्टचा लगाम, असं त्यांनी सांगितलं. मीठ कमी केलं की यीस्ट उधळतं, पीठ लवकर फुगतं, शिवाय सैल पडतं आणि भट्टीत तग धरत नाही. म्हणून मीठ कमी तर यीस्टही कमी, आणि मुंबईच्या उकाड्यात पाणी फ्रिजमधलं. उरला चवीचा प्रश्न. त्यावर त्यांचा उपाय जुन्या बेकरीतला: रात्री १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पाणी आणि चिमूटभर यीस्ट कालवून झाकून ठेवायचं. सकाळी त्याला जाळी पडलेली असते, किंचित आंबूस वास येतो. ते मशीनमध्ये ओतून वर ३०० ग्रॅम मैदा, साधारण १६० ग्रॅम गार पाणी, ४ ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा यीस्ट. रात्रभराच्या आंबण्यानं जी चव येते, तिच्यापुढे मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. अंकलच्या आजोबांच्या काळी गोव्यात यीस्टऐवजी माडाची सूर घालत. आंबवण्याला वेळ द्यायचा, ही शिकवण त्यांच्याकडे तिथपासून आलेली.

बाबांनी पहिला काप खाल्ला आणि विचारलं, "आज मीठ घातलंस?" मला याहून मोठी पावती नको होती.

बाकीच्या गोष्टी येता-जाता कळत गेल्या. शेवटच्या फुगण्याआधी ओल्या हातानं पातं काढून घेतलं तर ब्रेडच्या बुडाला मोठं भोक पडत नाही. भाजून झाल्यावर ब्रेड भांड्यात ठेवायचा नाही, लगेच जाळीवर काढायचा, नाहीतर वाफेनं कडा ओलसर होऊन खचतात. चक्कीची कणीक घालायची तर पाणी वाढवून आधी अर्धा तास भिजू द्यायची.

पुढे इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकाचा १९९१ सालचा एक लेख वाचनात आला. त्यातली हकीकत अशी: ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, १९८५ च्या सुमारास घरगुती ब्रेड मशीनचं काम अडलं होतं. बाहेरून ब्रेड करपे, आत कच्चा राही. मशीननं मळलेल्या आणि बेकरनं मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढूनही उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर तयार करणारी बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे मळायला शिकायला गेली. तो पीठ एका खास पद्धतीनं ताणतो, हे तिनं हेरलं. मग वर्षभर इंजिनियरांबरोबर खटपट करून भांड्याच्या आत खास उंचवटे बसवले आणि ते ताणणं मशीनमध्ये उतरवलं. माझ्या मशीनच्या भांड्यातही आतून तसे उभे उंचवटे आहेत. रोज धुताना हाताला लागायचे, ते कशासाठी आहेत हे तेव्हा समजलं.

मी हे सगळं अंकलना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "त्या हॉटेलातल्या पाववाल्याचं नाव काय?" लेखात ते नाव नाही. अंकल काही बोलले नाहीत. मी त्यांच्यावर लिहिणार म्हटल्यावर मात्र हात हलवून म्हणाले, माझं नाव घालू नको, मला शिकवलं त्या मेस्ताचं तरी कुठं कोणी लिहिलंय! त्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून इथं नाव घातलेलं नाही. ते नसणं मला पटलेलं नाही.

बाबा आता नाहीत. मशीन चालू आहे, आणि त्यातला अर्धा ब्रेड तळमजल्यावर जातो. अंकल तो हातात घेऊन आधी तळाशी टिचकी मारून बघतात.

तुमच्याकडे मशीन माळ्यावर पडून असेल तर खाली काढा, पीठ कपानं न मोजता वजनावर घ्या आणि मळताना झाकण उघडून बघा. जवळपास एखादी जुनी बेकरी अजून चालू असेल तर दुपारी, गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर, तिथल्या म्हाताऱ्या कारागिराकडे जा आणि विचारा. ही माणसं सांगताना हात आखडत नाहीत.