पट्टा पडण्याआधी

७ ऑक्टोबर २०२४

माय-लेकी पहिल्या एसटीने आल्या. लेकीच्या कडेवर एक पोर, हाताला एक. लग्न आष्टी तालुक्यात, सासरच्या दारी लागलं. ऊसतोडीचा गेला हंगाम शिरोळकडे कोपीत काढला आणि तिथूनच मार खाऊन ती माहेरी परतली. बसल्या बसल्या पहिला प्रश्न : “ताई, अर्ज कुठं टाकायचा? कोल्हापूरला जावं लागंल का?”

नाही. पोटगीचा अर्ज बायको राहते तिथे चालतो. हिंदू विवाह कायद्यातही २००३ पासून तिला स्वतःच्या मुक्कामाच्या कोर्टात जाता येतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याला तर तात्पुरता आसराही पुरतो. हद्दीचा प्रश्न कायद्याने बाईच्या बाजूने सोडवून ठेवलाय. गावात ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून कित्येकजणी वर्षानुवर्षं घरीच बसून राहतात.

२५ ऑक्टोबर

पोटगीचा अर्ज दाखल केला. नव्या संहितेत कलम १४४, पण बाररूममध्ये सगळे अजून ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. फीचं विचारून माय बेजार झाली होती. विधी सेवा समितीकडून वकील मिळाला तर फी द्यावी लागत नाही आणि १९८७ च्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

“आन् फारकत? लेकरं त्यानं नेली तर?”

इथे घोडं अडतं. पुण्या-मुंबईच्या बाईला पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा, सगळं कौटुंबिक न्यायालयाच्या एका छताखाली मिळतं. समुपदेशकही तिथेच बसतात. १९८४ च्या कायद्याने दहा लाखांवर वस्तीच्या शहरात असं न्यायालय बंधनकारक केलं, बाकीचं सरकारच्या मर्जीवर सोडलं. आमच्याकडे पोटगी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, घटस्फोट वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात, पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत. एकच संसार मोडला, पण कागद तीन कोर्टांत आणि तारखाही तीन ठिकाणच्या.

९ डिसेंबर

समन्स परत आलं. शेरा : घरास कुलूप, इसम ऊसतोडीस गेला, पत्ता मिळून आला नाही. दिवाळी झाली की अर्धं गाव गाड्यांत बसून जातं, त्यात हाही गेला. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो; पण ते साठ दिवस नोटीस बजावल्यापासून मोजायचे. म्हणजे आमचा पहिला दिवस अजून उजाडायचा आहे.

चहाच्या वेळी एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “जिल्ह्याला कौटुंबिक न्यायालयाची मागणी लावून धरा.” मला ते पुरतं पटलं नाही. छत एक होईल, पण अंतर वाढेल. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, बुडालेली मजुरी मात्र पूर्ण बुडते. शिवाय वरिष्ठ स्तर न्यायालयाच्या निकालावर बीडला अपील करता येतं. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर थेट उच्च न्यायालय, म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. आणि समन्स जिल्ह्याहून निघालं तरी त्याच कुलपापर्यंत जाणार.

समुपदेशक महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या कोर्टात आला, तर आहे त्याच इमारतीत बरंच काम होईल. २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्यात तर फिरत्या कोर्टाची सोय आहे आणि पोटगीचे अर्जही त्याच्या कक्षेत येतात. तो कायदा कपाटातून बाहेर काढायला हवा.

२० जानेवारी २०२५

तिने मुकादमाचा नंबर मिळवून आणला. भावकीतल्या एकीने गुपचूप दिला म्हणे. कारखाना आणि टोळी कुठे उतरलीय ते लिहून नव्याने समन्स काढायला अर्ज दिला.

दुपारी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र भरलं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नमुने ठरवून दिलेत : शेतीवाल्यांचा वेगळा, इतरांचा वेगळा. ऊसतोड मजूर दोन्हींच्या मधे पडतो. पगारपत्रक नाही, सांगण्याजोगी जमीन नाही. नवऱ्याचं उत्पन्न विचारलं तर ती म्हणाली, “उचल त्याच्याच हातात देतेत. पण कोयता तर दोघांचा असतो ना?” नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पैसा घेणारा हात एकच. प्रतिज्ञापत्रात तिच्या कष्टाला रकाना नव्हता. शेवटी वेगळं पान जोडून लिहिलं : गेल्या हंगामातल्या उचलीत अर्जदाराची निम्मी मजुरी आहे.

१७ मार्च

समन्स फडातच बजावलं गेलं. त्याने वकील दिला, म्हणणं मांडलं : उचल फिटलेली नाही, हातात काही उरत नाही. ते खोटं नसेलही. तरी आज अंतरिम हुकूम झाला, तिला आणि दोन्ही लेकरांना मिळून महिना चार हजार, अर्जाच्या तारखेपासून. माय हात जोडून उभी राहिली. लेकीने विचारलं, “हातात कधी येतेल?”

त्याचं उत्तर कॅलेंडरात आहे. पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघतं, थकल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण वॉरंट पुन्हा परजिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात जाणार, तिथे ते बंदोबस्ताखाली दबणार. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की टोळी गावी येते, मुकादमाकडे हिशोब होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुढच्या हंगामाची उचल वाटायला सुरुवात होते. वर्षातून तेवढेच दिवस हा माणूसही जागेवर असतो आणि त्याच्या हातात पैसाही येतो. आमच्या तारखा मात्र बोर्डावर जागा असेल तशा पडतात.

थकबाकीचा अर्ज आजच लिहायला घेतला. पुढची तारीख मेमध्येच मागणार आहे. उन्हाळी सुट्टी आडवी येईल, त्यामुळे सुट्टीआधीची पहिली तारीख हवी असं रोजनाम्यात नमूद करून घ्यायचं.