दिलेलं मोकळेपण

यमूच्या केशवपनाचं प्रकरण आजही मला एका दमात वाचवत नाही. तरी ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी हाती घेतली की माझा जीव घुटमळतो तो त्याच्या आधीच्या, मुंबईच्या बिऱ्हाडाच्या पानांवर. पुण्याचं सासर मागे पडलंय. नवरा-बायकोला एकमेकांशी मोकळेपणी बोलता येतंय, हीच केवढी चैन! रघुनाथराव तिच्या वाचनाचं कौतुक करतात, त्यांच्या मित्रांच्या बायका तिच्या मैत्रिणी होतात. हसताना कुणाची चाहूल घ्यायला नको, मनात आलेलं गिळून टाकायला नको. स्त्रीस्वातंत्र्यावर बाहेर व्याख्यानं झडत असतील. यमूला हवं होतं ते एवढंच.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यातून ही कहाणी क्रमशः येऊ लागली. तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्यावरून पुण्यात रान पेटलं होतं. त्या गदारोळात हा तरुण माजघरातल्या मुलीच्या तोंडून ‘मी’ म्हणत लिहीत होता, याचं मला अजून नवल वाटतं.

पण मुंबईची ती पानं वाचताना आता आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटते. कारण यमूचं सगळं सुख एका माणसाच्या चांगुलपणावर उभं आहे. नवरा भला निघाला हे तिचं नशीब. तिच्या मैत्रिणीचं, दुर्गीचं, तसं निघालं नाही. रघुनाथराव गेले, आणि बिऱ्हाड, वाचन, मैत्रिणी सगळंच त्यांच्यामागोमाग गेलं. यमू पुन्हा सासरच्या शंकरमामंजींच्या तावडीत सापडली. डोक्यावरचे केस राखावेत की नाही, एवढंसुद्धा तिच्या हाती उरलं नाही.

हे हप्ते छापून येत होते तेव्हा मुंबईचीच एक खरीखुरी बाई लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठेपणी त्या नवऱ्याकडे नांदायला जायचं त्यांनी साफ नाकारलं. ‘हिंदू लेडी’ या नावाने वर्तमानपत्रात पत्रं लिहून बालविवाहाचे वाभाडे काढले. १८८७ साली कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्यांनाही आधार लाभले होते, आईचे, सुधारकांचे. पण नकार त्यांचा स्वतःचा होता, आणि पुढे हाताला आलेली विद्या कुणाच्या मरणाने हिरावली जाणार नव्हती.

हरिभाऊंनी यमूला असं काही करू दिलं नाही. हा त्यांचा भित्रेपणा आहे असं मी म्हणणार नाही. सुधारकाच्या घरातली सुखी बायकोसुद्धा किती निराधार असते, हे त्यांनी सुधारकांनाच वाचायला लावलं.

‘आम्ही सुनेला सगळी मोकळीक दिली आहे’ असं आजही कौतुकाने सांगणारी माणसं भेटतात. चांगली असतात ती. पण ज्याला देता येतं त्याला काढूनही घेता येतं. म्हणून त्यांचं सांगून झालं की मी हळूच विचारते, घर कुणाच्या नावावर आहे?