पेटीवाला

जॉइनिंगच्या फॉर्मवर ‘छंद’ असा रकाना होता. मी लिहिलं, संगीत ऐकणे. खरं तर मला पेटी वाजवता येते! पण हिंजवडीच्या एसी ऑफिसात भजनातली पेटी कुठे सांगता? आजूबाजूला सगळे गिटारवाले.

गाव पिंगळी. परभणीहून पूर्णेकडे निघालात की लगेच लागतं. पेटी शिकवली आजोबांनी. भजन संपलं की लोक बुवांच्या पाया पडायचे, आणि आजोबा गपचूप भाता बंद करून पेटीवर कापड टाकायचे. मला राग यायचा.

यंदाच्या अप्रेझलला तोच राग आला. रात्र जागून प्रेझेंटेशन केलं मी, टाळ्या दुसऱ्याला. त्या वीकेंडला नेटवर तुळशीदास बोरकरांचं वादन ऐकलं आणि मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

बोरकर १९३४ चे, गोव्यातल्या बोरीचे. पहिले धडे आईकडे, पुढे मधुकर पेडणेकरांकडे. छोटा गंधर्वांना साथ केली, नाटकातला ऑर्गनही वाजवला. ऑर्गन म्हणजे चर्चमधला अवाढव्य नव्हे हं. संगीत नाटकात रंगमंचापुढे असतो तो. भाता पायांनी मारायचा, दोन्ही हात मोकळे. गायक पुढची जागा कुठे घेणार ते ठाऊक नसतं, तरी अर्ध्या श्वासाच्या अंतरानं मागोमाग जायचं आणि तो थांबला की पोकळी भरायची. टीम प्लेयर म्हणतात तो हा!

त्यात काळ कसला? पेटीतून मींड निघत नाही, म्हणून १९४० मध्ये रेडिओनं तिच्यावर बंदी घातलेली. साथीला परवानगी मिळाली ती १९७१ मध्ये. तोवर बोरकरांची पस्तिशी उलटली होती. रेडिओचं दार बंद असलेल्या वाद्यात करिअर! आपण सॉफ्टवेअरचं व्हर्जन बदललं तरी घाबरतो.

पुढे त्यांनी शिष्य घडवले, सुधीर नायक त्यांतलेच. पद्मश्री मिळाली २०१६ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. २०१८ मध्ये ते गेले.

रविवारी घरी फोन लावला. म्हटलं, “आजोबा, सगळे बुवांच्याच पाया पडायचे. तुम्हाला वाईट नाही वाटलं कधी?”

“कशाचं? बुवा सुरातून घसरायचे की रे कधीकधी. त्यांना वापस कोण आणायचं मग?” मग जरा थांबून म्हणाले, “ऐक, काळी पाचचा सूर बसलाय. दिवाळीला येशील तेव्हा बघ बरं.”

तिकीट काढलंय. वेटिंग आहे.