गाडीखालचा अंधार

"तवा धुतलास ना? मग आधी गॅसवर धरून कोरडा कर, तेलाचं बोट फिरव आणि मगच मांडणीत ठेव." लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून सासूबाईंचं हे वाक्य मी ऐकत आले आहे. बिडाचा तवा ओला राहिला की सकाळी त्यावर तांबूस डाग पडतात, हे कुणाही गृहिणीला सांगायला नको. पण हाच नियम दारातल्या गाडीलाही लागू आहे, हे मला कळायला एक जिवावरचा प्रसंग यावा लागला.

आम्ही निघोजे गावी राहतो. इंद्रायणीकाठचं हे शेतीचं गाव. आता चाकणच्या औद्योगिक वसाहतीचा भाग झालं आहे. 2010 साली महिंद्रांचा मोटारींचा कारखाना इथे सुरू झाला. सुट्या भागांचे कारखानेही भोवताली पुष्कळ आहेत. आमचे हे अशाच एका कारखान्यात रंगखात्यात आहेत. नवा पत्रा रंगवण्याआधी तेलकटपणा जाईपर्यंत कसा धुतात, त्यावर फॉस्फेटचा थर कसा देतात, मग रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडली की सांदीकोपऱ्यातसुद्धा रंग कसा बसतो, हे ते जेवताना इतकं रंगवून सांगतात की आमटीत मीठ कमी पडलेलंही त्यांना कळत नाही. आणि स्वतःच्या गाडीची तऱ्हा? दिव्याखाली अंधार!

आमची गाडी 2004 सालची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. 2024 साली दुसऱ्यांदा ती वेळ आली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "वहिनी, खालून काळा कोट मारून देतो. पाच वर्षं बघायला नको." सकाळी दिलेली गाडी दुपारी परत आली. खालून अगदी काळीभोर, चकचकीत. मी खूश झाले.

गाडीत मात्र कुबट वास यायला लागला. मी काय करावं? सीटखाली डांबरगोळ्या ठेवल्या! वास गेला नाही, तशा आणखी ठेवल्या.

माझं माहेर दापोलीकडचं. दर गौरीगणपतीला आम्ही गाडीनेच जातो, आणि मुलीच्या हट्टापायी गाडी समुद्राच्या ओल्या वाळूवरही नेत असू. 2025 साली परत येताना ताम्हिणी घाटाच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. यांनी दाराखाली जॅक लावला, गाडी उचलली आणि डिकीतून स्टेपनी काढायला उठले. तेवढ्यात 'कर्र' असा आवाज झाला. जॅक पत्र्यातून सरळ आत घुसला आणि गाडी धाडकन खाली बसली. दोन मिनिटांपूर्वी यांचा हात तिथेच होता. मुलगी जवळच उभी होती. माझे पाय जे लटपटायला लागले, ते घरी येईपर्यंत थांबले नाहीत.

चाकणला पत्र्याचं काम करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि स्क्रूड्रायव्हरने तो काळा थर नुसता उचकटला. भाजलेल्या पापडासारखा तो सुटून आला. आत ओला, तांबडा भुगा! मागच्या सीटपुढची चटई उचलली, तर जिथे माझी लेक पाय ठेवते तिथल्या पत्र्यातून खालची जमीन दिसत होती.

"ताई," ते म्हणाले, "गंज खरवडला नाही, ओल वाळवली नाही, वरनं काळं फासलं. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून थर द्यायचा, पण इथं आतलंच पाणी कोंडलं. आणि ही भोकं बघा, सगळी बुजवलीत."

दारांच्या आणि उंबऱ्याच्या पत्र्याला खालून बारीक भोकं असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथून निथळतं. आपल्या मोरीला जसं तोंड, तसंच हे. ते बुजलं की पाणी तुंबतं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढणारच. मीठ मिळालं की तो धावतच येतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंग फुगवतो, फोडतो आणि आणखी पाण्याला वाट करून देतो.

त्या रात्री हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तपासणीच्या आधी मला तो गंज दिसला होता. पत्रा कापून काम करायला हवं होतं. पण त्याच महिन्यात फी भरायची होती. म्हटलं, काळा थर दिला की निभेल." कारखान्यात तेलाचं एक बोट उमटलेला भागही जे परत पाठवतात, त्या माणसाने हे बोलावं! मला राग आला; पण डांबरगोळ्या ठेवणारी मी तरी कोण लागून गेले होते?

मग सगळं रीतीने झालं. पेट्रोलची टाकी आणि चटया काढून सडलेला पत्रा कापला, नवा जोडला. उरलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडला, गंजनाशक लावलं, पूर्ण वाळू दिलं. मग प्रायमर, सांध्यांना सीलर आणि सगळ्यात शेवटी काळा थर. पोकळ भागांत लांब नळीने मेण फवारलं. सायलेन्सर आणि निथळायची भोकं मोकळी ठेवली. चार दिवस लागले आणि माझी भिशीही त्यात गेली.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी जुनी गाडी असेल तर एवढं करा. पावसाळ्याआधी आणि नंतर ती रॅम्पवर चढवून खालून बघा. घरच्या जॅकवर उचलून कुणालाही खाली शिरू देऊ नका. कोकणातून आलात की गोड्या पाण्याने खालचा भाग, मडगार्डच्या आतली बाजूसुद्धा, धुऊन घ्या. ओल्या गाडीवर लगेच कव्हर घालू नका. चटया उचलून हात फिरवा. कुबट वास आला तर तो झाकू नका, ओल शोधा. जळकं ऑइल खालून फवारायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. त्याने रबरी भाग खराब होतात आणि ते ऑइल गळून, वाहून शेवटी आपल्याच नदीत जातं.

भोकं मोकळी करायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. खराट्याचा एक हीर त्यांनी त्यासाठी वेगळा ठेवला आहे. आणि आमचे हे? आता गाडीला टिकलीएवढा डाग दिसला, तरी आधी मला हाक मारतात.