जळक्या ऑईलचं कवाड

सिल्लोड तालुक्यातल्या आमच्या घराचं पुढचं कवाड सागवानी. तोंड पश्चिमेला, त्यामुळं पावसाची झड थेट त्याच्यावर. 2009 साली थोरल्या लेकीचं लग्न ठरलं आणि ते काळंकुट्ट कवाड माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. गावातल्याच पेंटरला सांगितलं, निळ्या ऑईल पेंटचे दोन हात मार.

त्यानं पॉलिश पेपरनं वरवर घासलं, रंग दिला. चार दिवस झाले तरी बोट लावलं की चिकट. हळदीच्या दिवशी पोरं नखानं पापुद्रे काढत बसली. पाठवणीच्या वेळी लेकीच्या शालूला दाराचा निळा डाग लागला. मी आधीच रडवेला झालेलो, त्यात तो डाग बघून डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी पेंटर पैसे मागायला आला. चार माणसांत त्याला म्हणालो, "रंगात रॉकेल हाणलंस तू." राहिलेले सहाशे रुपये दिले नाहीत. तो एवढंच बोलला, "भाऊ, डबा तुमच्यासमोर फोडला. लाकूडच रंग धरंना." मला ती थाप वाटली. त्या दिवसापासून तो आमच्या गल्लीनं यायचा बंद झाला.

पावसाळ्यात उरलासुरला रंगही गळाला. दिवाळीनंतर मी खरवडत बसलो होतो. माय ओट्यावर शेंगा फोडत होती. म्हणाली, "आरं, तुझे दादा दर साली मिरगाच्या आधी इंजिनचं जळकं आईल चोपडत व्हते. इसरला का?"

हातातली पत्री तशीच राहिली. विहिरीवर डिझेल इंजिन होतं तोवर त्याचं काढलेलं ऑईल दादा डब्यात साठवायचे आणि चिंधीनं कवाडाला, चौकटीला पाजायचे. लाकडाला कधी वाळवी लागली नाही ती त्यामुळंच, असं ते सांगायचे. चिंधी धरायला मीच असायचो. विसरलो मी, आणि चोर ठरवला पेंटरला.

संध्याकाळी सहाशे रुपये घेऊन त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "चुकलं माझं." त्यानं पैसे मोजले नाहीत. दुसऱ्या सकाळी मात्र कवाड बघायला आला. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकले. अळूच्या पानावर राहावेत तसे ते गोळा होऊन राहिले. "बघा, आत ऑईल आहे. पाणी शिरत नाही तिथं रंग कुठून शिरंल?" मग त्यानं समजावलं. रंगाला लाकडाच्या रेषांत मूळ धरावं लागतं. जवसाचं तेल हवेनं वाळून घट्ट होतं, जुन्या काळी रंग त्यातच कालवायचे. इंजिनचं ऑईल मात्र वाळतच नाही. त्याच्यावर दिलेला रंग म्हणजे ओल्या शेवाळावर ठेवलेला पाय.

कवाड बिजागरीतून काढून अंगणात आडवं टाकलं. जुना रंग खरवडला. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ब्रशनं घासलं, काळं पाणी निघालं. साध्या पाण्यानं धुतलं, आठ दिवस ऊन दिलं. मग टर्पेंटाईनचं फडकं, चिंधी काळी व्हायची थांबेपर्यंत. पुन्हा थेंब टाकले. आता ते लाकडात जिरले. तेव्हा कुठं प्रायमर आणि वर रंगाचे दोन पातळ हात.

पुढं नातवाला घेऊन अजिंठ्याला गेलो, तेव्हा एका जाणकारानं सांगितलं की निजाम सरकारनं 1920 च्या सुमारास इटलीहून कारागीर आणले होते. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून वरून लाखेचा थर दिला. पुढं तोच थर पिवळा पडला, चित्रं झाकोळली, आणि तो अलगद काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली. ऐकताना मला आमचं कवाडच दिसत होतं. त्यांनीही जपायलाच दिलं होतं, दादांनीही.

रंग अजून टिकून आहे. फक्त तळाच्या कडेला चार बोटं पट्टी रंग धरत नाही. फळ्यांची टोकं तिथं उघडी, म्हणून ऑईल सगळ्यात खोल तिथंच मुरलेलं. पेंटर दर दिवाळीला फराळाला येतो, वाकून ती पट्टी बघतो आणि म्हणतो, "दादा अजून हटंनात, भाऊ."