पहिलं मूल धडधाकट, म्हणून?

“पहिलं सुखरूप झालं ना, मग दुसऱ्याची काळजी कशाला?” असं आपण किती सहज म्हणून जातो! काही घरांत मात्र हा दिलासा महागात पडू शकतो.

आमच्या कैनाडच्या बाजूला, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. आजारी मुलाकडे आई आणि बाप दोघांकडूनही दोष आलेला असतो. एकाकडूनच आला, तर माणूस नुसता वाहक, एरवी धडधाकट. दोघंही वाहक असले, तर दर खेपेला चार शक्यता: एकीत मूल आजारी, दोहोंत वाहक, एकीत पूर्ण निर्दोष.

एका तरुण आईनं मला विचारलं, “बाई, माझा भाऊ आजारी, नवरा वाहक. आईबाप धडधाकट, मीही. मुलगाही चांगला आहे. मग मी कशाला तपासून घेऊ?”

मी बारा चिंचोके मांडले. समजा, तुझ्यासारख्या बारा जणी. तुम्ही आजारी नाही, म्हणजे चारांतली एक शक्यता गेली; उरलेल्या तिनांत दोन वाहकाच्या. म्हणून बारांत आठ वाहक, चार निर्दोष. नवरे सगळ्यांचे वाहक. आठ जणींपैकी दोघींचं पहिलं मूल आजारी निघेल, सहा जणींचं नाही. निर्दोष चौघींचं कुणाचंच नाही. म्हणजे चांगलं मूल असलेल्या दहा आया, आणि त्यांतल्या सहा वाहकच! शेकडा सदुसष्टाचे साठ झाले, एवढाच काय तो दिलासा.

हा हिशेब थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याच्या नावानं ओळखला जातो. त्याचा निबंध तो वारल्यावर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. सांगणं साधं आहे: नवी गोष्ट कळली की तिच्याशी न जुळणाऱ्या शक्यता काढून टाकायच्या आणि उरलेल्यांत पुन्हा मोजायचं. जुना अंदाज मात्र पुसून टाकायचा नाही.

हिशेब अंदाज देतो. उत्तर रक्ततपासणी देते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरवलेली आहे. तेव्हा दुसऱ्या खेपेआधीच सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन या. आणि हो, वाहक निघालात तर मान खाली घालू नका. आजारी मुलात अर्धा वाटा बापाचा असतो, हे सासूबाईंनाही चिंचोके मांडून दाखवा!