तुरुंगांतील प्रश्न

नाताळापूर्वींचे चार रविवार म्हणजे आम्हां ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ. घरोघर करंज्या-शंकरपाळ्यांची गडबड चाललेली असते, दाराशीं कागदी चांदणी लागलेली असते. उपासनेंत वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानाच्या पाठांत मात्र बरेच दिवस गव्हाणीही येत नाहीं आणि मेंढपाळही येत नाहींत. मत्तयाच्या वर्षीं तर पहिल्या रविवारीं जगाचा अंत, दुसऱ्या रविवारीं अरण्यांत गरजणारा योहान, आणि तिसऱ्या रविवारीं तोच योहान तुरुंगांत! पाठांचें हें तीन वर्षांचें चक्र रोमन मंडळीनें १९६९ सालीं घालून दिलें व पुढें इतर पुष्कळ मंडळ्यांनीं तें थोड्याफार फरकानें स्वीकारलें. हा तिसरा पाठ मात्र त्याहून जुना. आंग्ल मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांतही तो याच रविवारीं येतो.

योहानाला हेरोद अंतिपानें बंदींत टाकलें होतें. तो किल्ला मखैरुसचा, असें योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो. मृतसमुद्राच्या पूर्वेस, उघड्याबोडक्या डोंगरावर. ज्यानें यार्देनेकांठीं येणाऱ्याची ग्वाही दिली, त्यानेंच तेथून शिष्यांकरवीं विचारविलें कीं, तो तूंच, कीं आम्हीं आणखी कोणाची वाट पाहावी? क्रिसोस्तोमासारखे थोर टीकाकार म्हणतात कीं, शंका योहानाची नव्हतीच. शिष्यांची खात्री व्हावी म्हणून त्यानें ही युक्ति केली. मला ही वकिली पटत नाहीं. पूर्वीं पटत असे.

माझे वडील नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत शाळामास्तर होते आणि रविवारीं उपदेशही करीत. शेवटच्या दुखण्यांत, असाच डिसेंबर होता, एके संध्याकाळीं त्यांनीं मला खाटेजवळ बसवून घेतलें आणि हळूच विचारलें, "बाळ, आपण जन्मभर लोकांना जें सांगत आलों, तें खरें असेल ना रे?"

मी नुकताच इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालों होतों. मीं त्यांना अर्धा तास ऐकवलें. हस्तलिखितांचीं प्रमाणें सांगितलीं, दोन-तीन इंग्रज तत्त्वज्ञांचीं नांवें घेतलीं आणि शेवटीं म्हटलें, "बाबा, तुम्हीच असें बोलूं लागलांत तर आम्हीं कोणाकडे पाहावें?" "बरोबर आहे तुझें," म्हणून ते कुशीवर वळले. पुन्हा त्यांनीं तो विषय काढला नाहीं. नाताळाच्या आधींच ते गेले.

येशूनें योहानाला रागें भरलें नाहीं आणि सिद्धांतही सांगितला नाहीं. जें पाहतां व ऐकतां तें त्याला जाऊन सांगा, एवढाच निरोप: आंधळे पाहूं लागले, लंगडे चालूं लागले, दीनांच्या कानीं सुवार्ता पडूं लागली. या यादींत एक उणीव आहे, व ती मला फार उशिरां दिसली. नासरेथच्या सभास्थानांत यशयाचा जो उतारा त्यानें वाचला त्यांत बंदिवानांची सुटका आहे. तुरुंगांत धाडलेल्या निरोपांत ती नाहीं. खोटा धीर त्यानें दिला नाहीं. योहानाच्या थोरवीचे उद्गारही त्यानें निरोपे पाठमोरे झाल्यावर काढले. ते योहानाच्या कानांपर्यंत गेले असतील काय, कोण जाणे. मींही बाबांविषयीं पुष्कळ चांगलें बोललों. पण तें त्यांना माती देतांना.

त्या संध्याकाळीं आमच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. चाळिशी उलटल्यावर बाबांनीं त्याला कंदिलाच्या उजेडांत अक्षरओळख करून दिली होती. तेव्हांपासून गावांतल्या निरक्षरांचीं पत्रें तोच वाचून दाखवी. दोन कोस चालून तो मास्तरांना पाहावयास आला होता. आमचें बोलणें चाललें आहे असें पाहून तो बाहेरच थांबला, आणि माझा अर्धा तास संपेपर्यंत अंधार पडल्यामुळें तसाच परत गेला. त्याला आंत बोलवावें, असें मला सुचलें नाहीं.

यंदा तिसऱ्या रविवारचा पाठ वाचण्याची पाळी माझी आहे. घरीं मोठ्यानें वाचून पाहतों, तेव्हां चौथ्या वचनाशीं अडखळतों. पत्नी म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला असेल, नाताळापूर्वीं एकदां डोळे दाखवून या.